हसूआबांची उघाडी

हसूराम म्हात्रे यांच्या एका वाक्यावर रोह्याच्या बाजूची एक बाई उभा जन्म कुंकू लावत होती. ते वाक्य असं: "मी निघालो तवा तो दगड लावत व्हता."

त्या माणसाचं पुढे काय झालं, यावर आबा एक शब्द बोलत नसत. मी त्यांच्याकडे गेले ती हे वाक्य ऐकायला नव्हे. मला त्यांच्याकडून पत्रकासाठी मजकूर हवा होता.

आमचं घर पेणला, रामवाडीत. वडिलांनी आयुष्यभर पत्रकं वाटली. खाडीच्या बांधांसाठी, मिठागरातल्या मजुरीसाठी, आदिवासी वाड्यांच्या रस्त्यासाठी. मी बाराखडी गिरवली ती उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर आणि वाचायला शिकले ती छापील बाजूवर. त्यामुळे पंचविशीच्या आत माझं एकही वाक्य उद्गारचिन्हाशिवाय संपत नसे. तेव्हा मी चीनच्या लढाईवर लिहायला बसले होते. ज्यांनी कापडी बूट घालून पोरांना बर्फात पाठवलं, त्यांना जाब विचारणारं पत्रक. वडील म्हणाले, "नुसता जाब काय विचारतेस? गडब गावाच्या खाली, खाडीच्या अंगाला एक म्हातारा आहे. तिथून जिवंत आलेला. त्याला आधी वाचून दाखव."

आबा बांधावर बसले होते. मी कच्चा मजकूर त्यांच्या हातात दिला. त्यांनी आधी कागद बोटांत चोळून पाहिला. "चांगला जाड हाय गो. सुके सोडे बांधायला बरा." मग चष्मा लावून, ओठ हलवत, सगळा वाचला.

"जाब बरोबर हाय," ते म्हणाले. "बूट खरंच कापडी व्हते. पण हे काय लिवलंस, आमचा बळी दिला? बळी बोकडाचा देतात. त्याला कोनी इचारत नाय. आमी लढत व्हतो."

मी तो शब्द तिथेच खोडला. पत्रक काही पुरं झालं नाही, पण माझं आबांकडे जाणं सुरू झालं.

त्यांना समजून घ्यायचं तर आमची खारी जमीन माहीत पाहिजे. खाडीचं पाणी शेतात येऊ नये म्हणून मातीचे लांबच लांब बांध, आणि शेतातलं पाणी खाडीत जावं म्हणून त्या बांधाला पायाशी ठेवलेलं एक दार. त्याला उघाडी म्हणतात. उधाणाच्या भरतीला बांध फुटला की खांड पडली म्हणायचं. खांड पडली की घरटी एक माणूस धावतो. पुढचे लोक पाण्यात खांद्याला खांदा लावून उभे राहतात, मागचे त्यांच्या पाठीशी चिखल आणि पेंढा रचतात. या सगळ्या रीतीचं नाव जोळ. जोळीचे दोन नेम. खांड बुजल्याशिवाय कोणी जागा सोडायची नाही. आणि ज्या घरात माणूस नाही, त्या घरचा वाटा बाकीच्यांनी उचलायचा. हे कुठे लिहिलेलं नाही. सरकारने बांध आपल्याकडे घेतले, ठेकेदार आले, तशी जोळ मोडत गेली. आबांच्या अंगातून मात्र ती गेली नव्हती.

कुठलीही भिंत दिसली की ते म्हणायचे, "आन पानी कुठनं जानार?" देवळाच्या ओट्याला विचारायचे, शाळेच्या कुंपणाला विचारायचे. आमच्याकडे नवं लोखंडी कपाट आलं तेव्हा त्याच्याभोवती एक फेरी मारून त्यालाही विचारलं. वडील हसून हसून खोकायला लागले. आबांना त्यात विनोद काय ते कळलं नाही.

त्यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांना शेवटची पेरं नव्हती. थंडीत बंदुकीच्या लोखंडाला चिकटून कातडी गेली, मग बोटं सडली. म्हणून ते भाताची लावणी डाव्या हाताने करत, आणि त्यांच्या ओळी बाकीच्यांच्या ओळींकडे पाठ फिरवून उभ्या असल्यासारख्या दिसत. बर्फाशी तर त्यांचं उघड वैर. गाडीवर गोळा खाणारी पोरं दिसली की ते तोंड फिरवत. बाजारात बर्फावर मांडलेली मासळी दुरून बघत, पण हात लावत नसत. त्यांची बायको, आम्ही तिला आजी म्हणायचो, करवादायची. "चीननी याचं काय नेलं ते नेलं. माझ्या गळ्यात बाजारहाट घातला!"

एका स्वातंत्र्यदिनाला शाळेने त्यांना बोलावलं. गुरुजींनी प्रस्तावनेत तोफा डागल्या. आबा उभे राहिले आणि मुलांना सांगू लागले की, बर्फ वितळवून चहा करताना भांडं भरून बर्फ घेतला तरी तळाशी वाटीभर पाणी होतं. मुलं चुळबुळली. एकाने विचारलं, "आबा, तुमी किती मारले?"

"मोजाया सवड नव्हती रे."

"तरी पन?"

 "एक व्हता," आबा म्हणाले. "अजून मिशी फुटली नव्हती. चढताना घसरला, तर मागच्यानं त्याला धरला. तसा आपन बांधावर एकमेकाला धरतो ना, तसा. त्याच टायमाला माझी गोळी सुटली."

टाळ्या कुठे वाजवायच्या हे कोणालाच कळेना. गुरुजींनी घाईघाईने जयघोष सुरू केला. परतताना मी म्हटलं, "आबा, हेच लिहायला हवं! शत्रूसुद्धा गरिबाचाच पोरगा!"

"गरिबाचा व्हता का काय ते मला ठाऊक नाय," ते म्हणाले. "घसरला व्हता येवढं ठाऊक हाय."

आबा असे होते. पाहिलं तेवढंच सांगायचं. त्यात हवा भरू द्यायची नाही, माझ्यासारखीला तर नाहीच.

दरवर्षी आपली लावणी उरकली की दुसऱ्या दिवशी ते रोह्याला जात. एका वर्षी मी हट्टाने बरोबर निघाले. आधी पेणच्या बाजारात शिरून त्यांनी कुंकवाची एक पुडी घेतली, खिशात ठेवली आणि खिशाला सेफ्टी पिन लावली. रोह्याची गाडी पकडून आम्ही खिडकीशी बसलो. तेव्हा मला गणूचं नाव कळलं.

गणपत, म्हणजे गणू, कुंडलिकेच्या काठचा, रोह्याच्या पलीकडचा. तो आणि आबा एकाच पलटणीत, एकाच चौकीवर. तेव्हा जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं, म्हणून चौकीतले सगळे या दोघांना कुलाबेवाले म्हणत. लग्नानंतर एक पावसाळा घरी काढून गणू गेला, तो आला नाही. आधी कागद आला, बेपत्ता. पुष्कळ वर्षांनी दुसरा आला, मृत समजावा. त्याच्या बायकोने, यशोदाबाईने, तो वाचून घेतला आणि म्हणाली, "समजावा? म्हंजे यांनाबी ठाऊक नाय." आणि कुंकू लावत राहिली.

लोकांच्या जिभेला काय. कोणी म्हणे शत्रूने धरून नेला. कोणी म्हणे पळाला, तिकडेच राहिला, तिकडचीच बायको केली. आबा पलटणीतून सुटून आले ते आधी रोह्याला गेले. यशोदाबाईने विचारलं, "पडलेला पाहिलास?" त्यांनी सांगितलं, "नाय. मी निघालो तवा तो दगड लावत व्हता." त्या वर्षी तिच्या शेताची लावणी राहिली होती. आबांनी सदरा काढला आणि शेतात उतरले. घरात माणूस नाही, तर वाटा आपला. तेव्हापासून एकही वर्ष चुकलं नव्हतं.

यशोदाबाई दारातच उभी होती. काटक, नऊवारीचा काचा मारलेला, कपाळावर रुपयाएवढं कुंकू.

"आलास व्हय भावजी? मला वाटलं औंदा मेलास."

"मेलो असतो तर निरोप धाडला असता, वयनी."

"आन ही कोन?"

"पत्रकवाली. सगळं लिवते. जपून बोल."

"लिव गो," ती मला म्हणाली. "लिव, की हा मानूस डाव्या हातानं लावतो आन माझं शेत वाकडं दिसतं. साऱ्या गावाला कळतं कुठवर याची लावनी आन कुठनं माझी."

पुडी त्यांनी दिली आणि तिने घेतली, दोघेही एकमेकांकडे न बघता.

दुपारी बांधावर भाकरी खाताना आबांनी चौकीची गोष्ट सांगितली. ती मी त्यांच्याच मापाने सांगते.

उंच डोंगराच्या खांद्यावर मूठभर माणसं. खाली नाला, समोर खिंड. हवालदारसाहेबांनी दगडांची भिंत रचायला सांगितली. एका बाजूची भिंत या दोघांकडे आली. रचता रचता आबांनी पायाशी, नाल्याच्या अंगाला, माणूस सरपटत जाईल एवढी जागा मोकळी सोडली. ठरवून नव्हे. हाताला सवय. आमच्याकडचा माणूस उघाडीशिवाय बांध घालूच शकत नाही. पण तिथे पाणी वाहतच नव्हतं, गोठत होतं. त्या भोकातून असा वारा आत यायचा की सगळी चौकी कुलाबेवाल्यांना शिव्या घालू लागली. हवालदारसाहेब म्हणाले, "म्हात्रे, इथं काय भरती येणार आहे?"

"गणू बोलला, येईल साहेब," आबा म्हणाले आणि भाकरीचा तुकडा हातात धरून हसले. "भोकात पोती कोंबली आन झोपलो."

आणि भरती आली. पहाटे खिंडीतून माणसं चढू लागली. एक लाट परतवली. दुसरी परतवली. मागे हटायचा हुकूम नव्हता, मदतीचा निरोप नव्हता, काडतुसं सरत चालली होती. साताऱ्याकडचा एक नाईक मांडीत गोळी लागून पडला. हवालदारसाहेब म्हणाले, कोणीतरी याला खाली न्या, आणि खाली सांगा आम्ही अजून आहोत.

"जाया कोनी तयार नाय," आबा म्हणाले. "खांड उघडी टाकून कोन जाईल? तवा गणूनं माझा हात धरून साहेबाला दाखवला. याचं बोट चालत नाय, म्हनाला, हा जाईल. मी त्याला आयमायवरनं शिव्या घातल्या. साहेब बोलले, हुकूम हाय. मंग पोती काढली. आधी नाईकाला ढकलला, मागनं मी. नाल्यात उतरल्यावर वळून पाहिलं, तर तो त्या भोकाला दगड लावत व्हता."

"मग?"

"मंग काय. खाली पोचलो. नाईक वाचला. वर गोळीबार चालू व्हता. दुपारपतूर ऐकू येत व्हता." त्यांनी उरलेली भाकरी फडक्यात बांधली. "मंग नाय आला."

यशोदाबाई ऐकत होती. तिने हे किती वेळा ऐकलं असेल. तरी दगडाच्या त्या वाक्याला तिने मान वर केली होती, आणि मला वाटलं ती काही विचारणार. पण ती उठून शेतात उतरली.

पुढच्या वर्षी उन्हाळ्यात गणूच्या गावातल्या मंडळाने त्याचं स्मारक करायचं ठरवलं. धाटावला कंपनीत जाणारी पोरं, शिफ्ट संपवून येऊन त्यांनी देवळासमोर चौथरा बांधला. मजकूर लिहायला मला बोलावलं. मी मोठ्या आवेशाने लिहून नेला. कोरायच्या आधी देवळात बैठक भरली, आणि सरपंचांनी आबांनाही बोलावून घेतलं. मी उभी राहून वाचलं. शेवटची ओळ होती, शत्रूशी लढता लढता वीरमरण पत्करले.

"फक्कड!" सरपंच म्हणाले. "आता एकच. सरकारी कागदात 'समजावा' आहे. गावात नाही नाही ते बोलतात. तुम्ही तिथे होता, आबा. चारचौघांत एकदा सांगा की गणपत पडलेला तुम्ही पाहिला. म्हणजे विषय संपला."

आबा उभे राहिले. सवयीने ताठ. "मी निघालो तवा तो दगड लावत व्हता."

"ते झालं हो. पण त्याच्यानंतर?"

"त्याच्यानंतर मी नव्हतो."

"अहो आबा, खोटं थोडंच बोलताय? गेलाच तो! सगळ्यांना माहितीय." सरपंचांचा आवाज चढला. "एकीकडे स्मारक आणि एकीकडे बाईचं कुंकू, हे कसं दिसतं? उद्घाटनाला मोठे लोक येणार. हसतील आपल्याला."

मागून कोणीतरी पुटपुटलं, "पडला असंल तर ना. तिकडं नातवंडं खेळवत असंल."

मी तोंड उघडलं होतं. त्या पुटपुटणाऱ्याला आणि त्या मोठ्या लोकांना एकदमच सुनवायचं होतं. पण यशोदाबाई बायकांतून उठली. ती माझ्याकडे बघत नव्हती, सरपंचांकडेही नाही.

"भावजी," ती म्हणाली. "एक इचारते. आजवर इचारलं नाय."

आबांचा चेहरा उतरला. त्यांना प्रश्न ठाऊक होता असं मला आजही वाटतं.

"उघाडी बुजवली ती आतून, का भायेरून?"

देवळात जेवढी माणसं खाऱ्या जमिनीची होती, तेवढी सगळी आबांकडे वळली. ज्याला निघायचं आहे, तो आधी बाहेर येतो आणि बाहेरून दगड लावतो. आतून लावणारा आपली वाट बंद करतो.

 आबांचा तो अर्धवट बोटांचा हात सदऱ्याच्या टोकाशी चाळा करत होता.

"आतून," ते म्हणाले. मग हळूच, "त्याचे हात आतल्या अंगाला दिसत व्हते, वयनी. मी हाक मारली. तर बोलला, जा रं, वारा येतोय."

यशोदाबाई तिथेच खाली बसली. बायका तिच्याकडे सरकल्या. तिने पदर तोंडाला लावला होता, पण ती रडत होती की हसत होती ते मला कळलं नाही. "वारा येतोय," ती दोनदा म्हणाली. "असाच व्हता. असाच बोलायचा."

थोड्या वेळाने तिने पदर खाली केला. "सरपंच, तो पळाला नाय. येवढं समद्यांनी ऐकलं ना? मंग लिवा, जागा सोडली नाय. मेला असं लिवू नका. ते कोनी पाहिलं नाय."

सरपंचांनी आणखी थोडा वाद घातला, पण कंपनीतली पोरं ऐकेनात. माझी वीरमरणाची ओळ मी तिथेच फाडली. दगडावर गणूचं नाव आहे आणि खाली तीन शब्द, जागा सोडली नाही. मी आजवर लिहिलेल्या मजकुरांत मला तो सर्वांत जवळचा वाटतो, आणि तो माझा नाही.

 परतताना गाडीत आबा बऱ्याच उशिरा म्हणाले, "मी मुद्दाम सांगत नव्हतो गो. आतून म्हटलं असतं, तर तिच्या कपाळाचं काय झालं असतं? येवढीशी पोर व्हती तवा."

"आणि आता?" मी विचारलं.



त्याचं उत्तर कळलं लावणीला. त्या वर्षीही मी त्यांच्याबरोबर निघाले. पेणच्या बाजारात ते दुकानासमोर आले आणि थबकले. चौकीची गोष्ट सांगतानाही ज्यांचा आवाज हलला नव्हता ते आबा मला विचारत होते, "घेऊ का गो?"

बाईने कुंकू का पुसावं, यावर माझ्याकडे चार पानांचं भाषण तयार होतं. त्यातलं काहीच आठवलं नाही. मी म्हटलं, "घ्या, आबा."

आम्ही पोचलो तेव्हा यशोदाबाई घरात नव्हती. शेताच्या बांधाला नदीच्या अंगाने लहानशी खांड पडली होती, आणि ती आत, शेताच्या बाजूने, गुडघाभर चिखलात उभी राहून ढेकळं रचत होती. तोंडावर चिखल, कपाळही चिखलाने माखलेलं, कुंकू आहे की नाही ते दिसत नव्हतं. आबा बांधावर उभे राहिले. त्यांचा हात खिशाच्या सेफ्टी पिनीवर होता.

"बघत काय र्‍हायलास?" ती ओरडली. "पानी आत येतंय. पुडी आनलीस का?"

"आनली."

"मंग दे त्या पोरीकडं, सुकी र्‍हाईल. आन उतर."

आबांनी पिन काढली, पुडी माझ्या ओंजळीत ठेवली, सदरा माझ्या खांद्यावर टाकला आणि पाण्यात उतरले. ते बाहेरून, ती आतून. डाव्या हाताने ढेकूळ उचलायचे, उजव्या तळव्याने दाबायचे. "वयनी, पेंढा दे." "घे की, तुला काय हात नायत?" "दीड हाय." "दीड पुरे तुला."

मला संध्याकाळच्या गाडीने परतायचं होतं. घराच्या ओसरीवर पुडी ठेवली, वर वाटी पालथी घातली, आणि निघाले. वळणावर मागे बघितलं. पाणी अजून झिरपत होतं, आणि त्या दोघांच्या पाठी वाकलेल्या होत्या.

त्याच हिवाळ्यात आबा गेले. मी तेव्हा गावात नव्हते. वडिलांबरोबर एका मोर्चाला गेले होते. कसे गेले, काय म्हणाले, शेवटी कोणाची आठवण काढली, असं लोक मला विचारतात, कारण मी त्यांच्याकडे जायचे आणि मी लिहिते. मला बरंच काही सुचतं. पण मी पाहिलं तेवढंच सांगते.

मी निघाले तेव्हा ते बांधाला चिखल लावत होते.